दीड इंच माया

वहिनी: लाव गं बटण. श्वास धरलाय मी.

नणंद: श्वास धरून दिवसभर रिसेप्शनवर उभी राहणार आहेस? ‘आपलं स्वागत आहे’ म्हणशील आणि बटण उडून पाहुण्याच्या डोळ्यात जाईल. सोड.

वहिनी: सोडला.

नणंद: गेलं! मशीनखाली गेलं बघ. राहू दे, काढ ते जॅकेट. उलटं करून बघू दे मला... हं. माया संपली, वहिनी.

वहिनी: कुणाची?

नणंद: जॅकेटची गं! शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती. मागे दोनदा उसवलं तेव्हाच जेमतेम होती. आता उसवायचं तरी काय? बायकांच्या युनिफॉर्मला मुळात माया ठेवतच नाहीत हे लोक. तेच पुरुषांची पँट बघ, मागे दीड इंच सोडलेलं असतं. साहेबांचं पोट सुटणार, हे शिवणाऱ्यानं आधीच मान्य केलेलं. बाईनं मात्र आपलं दिलेल्या मापात राहायचं.

वहिनी: मग काखेत जोड लाव.

नणंद: लावते. पण तू खातेस तरी किती गं? माझ्यासमोर तर चिमणीसारखं टिपतेस.

वहिनी: तुझ्या भावानं बिस्किटांच्या डब्याला कुलूप लावलंय. किल्ली त्याच्या खिशात.

नणंद: आणि तो?

वहिनी: तो खातो. व्यायामानंतर त्याला लागतं म्हणे.

नणंद: धन्य आहे आमचा दादा! बरं, काल डॉक्टरबाईंकडे गेली होतीस ना? काय म्हणाल्या?

वहिनी: रक्तदाब चढलाय. साखर अगदी काठावर. रक्तातली चरबीही वाढलीय. मग विचारलं, कुठली औषधं घेता? म्हटलं, कसलीच नाही. उठून दारापर्यंत आले आणि आठवलं. म्हटलं, अहो, ती गोळी तेवढी घेते.

नणंद: कसली गोळी?

वहिनी: मूल न होण्याची. धाकटी झाल्यापासून. रोज झोपताना, दात घासल्यासारखी. ते औषध आहे हे डोक्यातच नाही गं राहिलं.

नणंद: मग?

वहिनी: मग त्यांनी परत बसवलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत रक्तदाब कुणी तपासला? म्हटलं, कोण तपासणार? तुझा भाऊ प्रोटीनचा डबा आणायला जातो तेव्हा दुकानातून पाकीटही उचलून आणतो.

नणंद: म्हणजे हे सगळं त्या गोळीनं?

वहिनी: तसं नाही म्हणाल्या. कितीतरी बायकांना ती छान मानवते. वजनाचं खापर तर सरळ गोळीवर फोडू नका म्हणाल्या. पण रक्तदाब असा चढलेला, माझ्या आईलाही साखर होती, तेव्हा तुम्हाला ही गोळी नको, आजपासून बंद.

नणंद: वजन गोळीनं नाही ना? मग दादाच्या टोमण्यांनी वाढलं असणार. रोज पोटभर मिळतात.

वहिनी: हसू नकोस गं. भीती वाटतेय मला. आईचा पाय कापलेला मी पाहिलाय.

नणंद: नाही हसत. बस जरा. पाणी पी.

(दादा आत येतो. घट्ट टी-शर्ट, हातात पँट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.)

दादा: काय ढोले, इथं बसून राहिलीस? अशानं मेटाबोलिझम स्लो होतं, किती वेळा सांगितलं! बबडे, ही पँट कमरेत घे. ढगळ झालीय. आणि ते मागचं जादा कापड कापून टाक, मला नाही लागणार परत.

नणंद: ठेव तिथं. वहिनी काय म्हणतेय ते ऐक आधी.

वहिनी: मेटाबोलिझम हाच शब्द डॉक्टरबाईंनीही काढला. पुढचं वाक्य तेवढं वेगळं होतं. गोळी बंद करायला सांगितलीय.

दादा: कुठली?

वहिनी: तू आणतोस ती.

दादा: छे! त्यात काय असतं? शेवटच्या ओळीतल्या तर लोहाच्या असतात. टॉनिकच की ते!

नणंद: अरे देवा! बिस्किटाच्या पुड्यावर किती साखर आहे ते चष्मा लावून वाचतोस, आणि बायको रोज काय गिळते ते नाही वाचलंस?

दादा: बबडे, हे आमचं आपापसातलं आहे. तू जरा बाहेर जा.

नणंद: माझ्या दुकानातून मी कुठं जाऊ?

दादा: बरं बरं. गोळी बंद तर बंद. तांबी बसव.

वहिनी: बसवली होती. किती रक्त गेलं ते विसरलास? पांढरीफटक पडले होते.

दादा: मग... ते दुसरं...

वहिनी: त्याची तुला ॲलर्जी. लग्नापासून. डॉक्टरांना कधी दाखवली नाहीस, पण आहे.

नणंद: मी कान झाकून घेतलेत. बोला तुम्ही.

वहिनी: माझ्यासाठी दुसरे उपाय आहेत म्हणाल्या. मीच नको म्हटलं. दोन मुलं झाली, तिसरं नको हे दोघांनी ठरवलंय. आता तुझी पाळी. लहानसं ऑपरेशन असतं, त्याच दिवशी घरी. पुढं काही महिने जपायचं, तपासणी करून घ्यायची, झालं. गुरुवारची वेळ घेतलीय.

दादा: माझं? ऑपरेशन? अगं, डोकं ठिकाणावर आहे का? महिन्याभरात माझी शर्यत आहे!

वहिनी: शर्यतीच्या आधी विचारायला सांगितलंय, कधी पळायचं ते. विचार. मी रजा टाकलीय तुझ्याबरोबर यायला.

दादा: पण धडधाकट माणसानं उगाच शरीरात ढवळाढवळ का करायची? नैसर्गिक तोल असतो एक!

नणंद: ऐकलंस का वहिनी? तोल असतो म्हणे!

वहिनी: ऐकलं. माझाही होता. तो रोज झोपताना पाण्याबरोबर गिळत होते मी, आणि तू शेजारी पडून उद्या किती पावलं चालायची ते ठरवत होतास. वर मलाच ढोली म्हणत होतास. पोरांसमोर. कुलूप काय लावतोस रे डब्याला? रागच येतो मला. माझाच जास्त येतो, की मी हसून घेतलं.

दादा: अगं, चेष्टेत म्हणायचो मी...

वहिनी: गुरुवारी येणार असशील तर ये. नाहीतर बैठकीतला सोफा लांब आहे, तुझे पाय मावतील. आणि ती किल्ली दे इकडे.

दादा: घे. घे बाई. ...काय गं बबडे, तुझ्या नवऱ्यानं केलंय ना हे?

नणंद: केलंय. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बसून मॅच बघत होता.

दादा: मग... म्हणजे सहज विचारतो हं...

नणंद: विचार की.

दादा: त्यानं वजन वाढतं का गं?

नणंद: (हसू दाबत दादाची पँट उलटी करून बघते.)

वहिनी: बोल ना वन्सं. घाबरलाय तो.

नणंद: नाही वाढत, दादा. आणि वाढलंच, तर ये इकडे. तुझी माया मी कापणार नाहीये.