सर्व्हरची रजई

...नाही, पण मला एक सांगा, लॅपटॉपला कुणी रजई शिवतं का? बरं, शिवली तर शिवली, खालून इलॅस्टिक कशाला? म्हणजे वारा चुकूनसुद्धा आत जायला नको! हसा, हसा तुम्ही. तुमच्या घरात असती ना ही रजई, म्हणजे कळलं असतं. थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच सासूच्या नावानं खडे फोडतेय.

तर झालं काय, आमच्या ह्यांनी नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना म्हणे भंगारात देऊ. म्हटलं, अहो, चालतोय की चांगला! ह्याचा आपण घरचा सर्व्हर करू. सर्व्हर म्हणजे फार काही नाही हो, कोपऱ्यात दिवसरात्र चालू ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ त्यात साठवायचे, म्हणजे फोन 'जागा संपली, जागा संपली' म्हणून कोकलत नाही. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी बाई मी, पण व्हिडिओ बघून बघून एकटीनं केला सर्व्हर! लेक आमची हॉस्टेलला असते आता... तिचं अख्खं लहानपण त्यात घातलं. पहिलं पाऊल, पडलेला दात, शाळेच्या नाटकात झाड झाली होती ते. ज्या सीडींवर हे होतं त्या केव्हाच खराब झाल्या, म्हणजे जे काही उरलंय ते त्या एका डब्यात. तर हे म्हणतात, "ठीक आहे, पण एकदा जरी आपोआप बंद पडला ना, सरळ भंगारवाला." आणि फोटो? "काढून घेऊ की नंतर." ह्यांचं नंतर मला विचारा! नंतर लावायचा म्हणून आणलेला पडद्याचा दांडा अजून दारामागे उभा आहे. पण मी आपली म्हटलं, ठरलं. आता ह्यात माझं काही चुकलं का, तुम्हीच सांगा!

आणि तो तापायला लागला. तापणारच! कारण ह्यांचं म्हणणं, "हॉलमध्ये वायरी दिसायला नकोत," म्हणून तो कुठे, तर चपलांच्या कपाटात. दार बंद! त्याचं तापमान फोनवर दिसतं मला, बघते तर आकडा ब्याण्णव! अहो, हात लावला तर बोट चटकन मागे आलं, आणि आतल्या बुटांचा जो काही वास सुटला होता तो मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. काढला बाहेर, ठेवला खिडकीजवळच्या टेबलावर. खालून हवा खेळायला पाहिजे ना, म्हणून भांडी निथळत ठेवायची जाळी खाली घातली. कमी झाला आकडा, ऐंशी झाला, आनंदात होते... तर स्वयंपाकघरातून आमच्या सासूबाई, "माझी जाळी कुणी उचलली गं?" गेली जाळी. दोन विटा आणल्या. "घरात विटा? बांधकाम काढलंय का?" हे आमचे हे. गेल्या विटा. शेवटी चार रिकाम्या काड्यापेट्या चार कोपऱ्यांना लावल्या, तेव्हा कुठे कुणाची हरकत आली नाही. झाकण उघडं ठेवायचं, कीबोर्डमधूनही गरमी निघते, तर सासूबाई येता-जाता पटकन मिटणार. "उघडा का टाकलास? बरं दिसतं का?" आई, उघडा राहू दे! "बरं बाई, राहू दे." की पुन्हा मिटला!

मग नेला दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं पाठ उघडली आणि माझ्याकडे असं बघितलं ना, जसं काही मी पोराला आंघोळच घालत नव्हते. "ताई, ह्या पंख्यातल्या धुळीची एक उशी होईल." बॅटरी फुगलेली, ती काढली, म्हणाला, "विजेवरच चालवा, ही घरात ठेवूच नका." आतली गरमी ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती खरवडून नवी लावली. मी घरी येऊन त्याचा वेगही आवरला, पूर्ण जोरात पळायचंच नाही म्हटलं, तुला कुठे शर्यत जिंकायचीय? आणि आकडा? अठ्ठेचाळीस! मी अक्षरशः नाचले हो. सगळ्यांना गोळा करून सांगितलं, बघा, सगळा दोष धुळीचा होता, धूळ हीच ह्याची वैरीण! ठणकावून सांगितलं. आता ह्यात माझं काही चुकलं का?

चुकलं. तिथेच चुकलं.

कारण दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात पोचले की आकडा वर! सकाळी अठ्ठेचाळीस, दुपारी सत्तर, ऐंशी, संध्याकाळी घरी यावं तर गपगार, पन्नास! मला कळेचना. घरी फोन केला, "आई, लॅपटॉपजवळ कुणी जातंय का?" "छे गं, मी तर त्याला वारासुद्धा लागू देत नाही!" मला वाटलं बोलण्याची पद्धत! आणि त्या दिवशी एक गिऱ्हाईक समोर चष्मा लावून बसलेलं, "मॅडम, खालची ओळ नीट दिसत नाही," आणि मी फोनकडे बघत ओरडले, "मला दिसतेय, शहाण्णव!" आणि पुढच्या क्षणी फोनवर काहीच नाही. बंद. पडला. झाड झालेली लेक डोळ्यांपुढे आली हो! मालकांना काय सांगितलं आठवत नाही, पण रिक्षात होते.

घरी येते तर काय... गुलाबी फुलांची, कापूस भरलेली, चारी बाजूंनी इलॅस्टिक लावलेली रजई! आत लॅपटॉप. आमच्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला प्लास्टिक आणि त्या प्लास्टिकला रबरबँड, मग ह्यालाच कसं सोडतील? "तूच म्हणालीस ना, धूळ वैरीण? तू गेलीस की घालते, तू यायच्या आत काढते. तुला वापरायचा असतो ना!" एवढी बारीक शिलाई, एवढ्या वयात!

तेवढ्यात हे आले. "बंद पडला? झालं, ठरल्याप्रमाणे भंगारवाला." मी तोंड उघडणार, तोच सासूबाई, "म्हणजे काय रे? काय काय आहे त्यात?" मी रडवेली होऊन सांगितलं, आई, तुमच्या नातीचं सगळं लहानपण आहे. झालं! त्या जे ह्यांच्या अंगावर आल्या! "माझी नात भंगारात घालतोस? चपलांच्या कपाटात कुणी कोंडलं होतं तिला?" हे दोन पावलं मागे. मी रजई काढली, गार होऊ दिला, बटण दाबलं... लागला! एकूण एक फोटो जागेवर. मी आणि सासूबाई गळ्यात गळा घालून रडलो, खोटं नाही सांगत.

तेव्हापासून सर्व्हर त्यांच्या ताब्यात. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर. आकडा कसा बघायचा ते मीच शिकवलं, आता दुकानात फोन, "चव्वेचाळीस आहे हो, तू जेवलीस का?"

काल मी उन्हातून आले, घामाघूम, जीव नुसता कासावीस. पंखा जरासा, अगदी जरासा माझ्याकडे वळवला. तर लगेच, "हं! फिरव तो तिकडे. पन्नास झालंय त्याचं." अहो आई, मलाही उकडतंय! तर म्हणतात, "तुला उकडलं तर तू बोलशील तरी. ते बिचारं बोलतं का?"

बोलतेय की हो मी! मघापासून दुसरं काय करतेय?