नुसतं बघणारी डॉक्टर

...नाही, पण नुसतं बघणं म्हणजे काम नाही का हो? तुम्हीच सांगा! आमच्या दातांच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात पहिली खोली माझी, म्हणजे आलेला प्रत्येक पेशंट आधी माझ्या खुर्चीत, मी तपासणार, काय झालंय ते ठरवणार आणि मग पुढे पाठवणार, दात काढायचा तर समोर, भरायचा तर शेजारी... आणि दिवसाला वीस माणसं तोच प्रश्न विचारतात, 'म्हणजे तुम्ही... नुसतं बघता?'

अहो, बघणं खायचं काम आहे का? मान चाचपायची, जबड्याचा सांधा, ओठ, गाल आतून, टाळू, जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढायची, ही कड, ती कड, खालची बाजू, आणि सगळ्यात शेवटी दात. शेवटी! तोंडात दातांखेरीज बरंच काही असतं, हे कुणाला पटेल तर शपथ. मानेला हात लावला की बायका ओरडतात, 'अहो, दाढ वर आहे!' परवा एक गृहस्थ वीस मिनिटं तपासून घेऊन म्हणतात, 'मॅडम, एवढं बघितलंत, आता डॉक्टर कधी येणार?'

आणि घरी तरी किंमत असावी ना? छे! पिकतं तिथे विकत नाही. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, तीस वर्षं बस स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारत होता, निवृत्त झाला तरी मीठ मागायचं तर चारही फलाटांना ऐकू जाईल असं. गेल्या वर्षी आला. 'अगं, खालची दाढ ठणकतेय, उपटून टाक!' म्हटलं, बस. तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते, तशी लिहिली. मान चाचपली... जबड्याखाली गाठ. घट्ट. जीभ धरून ओढली, तर कडेला जखम, काठ वर आलेले, तळ टणक. मनात आलं, कॅन्सर तर नसेल हो? विचारलं, मामा, हे कधीपासून? 'हॅट, ते काही दुखत नाही. तू दाढेचं बघ.' अहो, न दुखणारंच वाईट असतं! मी सांगितलं, तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आजच्या आज. मामा ताडकन उठला. 'दाढ दुखते म्हणून आलो, तर ही जीभ कापायला निघाली!' अख्ख्या मजल्याने ऐकलं.

झालं! रात्री आईचा फोन, 'कशाला घाबरवलंस त्याला?' मागून मावशी, 'नुसतं बघणाऱ्यांना काहीतरी शोधून दाखवावंच लागतं गं बाई, नाहीतर नोकरी कशी टिकायची?' मी तीनदा त्याच्या घरी गेले. मामी दारात उभी, 'झोपलेत', आणि आतून मामाचा आवाज फोनवर गाजतोय! शेवटी गेला एका हसऱ्या डॉक्टरकडे, त्याने दहा मिनिटांत दाढ काढून हातावर ठेवली. मामा ती पुडीत बांधून नातेवाइकांत फिरवतोय, 'याला म्हणतात डॉक्टर!' जीभ कुणी बघितलीच नाही.

आणि तुम्हाला सांगते, मी रोज देवापुढे हात जोडत होते, मला खोटं पाड रे. दाढेची कड घासून झालेली जखम असू दे, दाढ गेली की पंधरा दिवसांत भरू दे... भरते कधीकधी, खरंच भरते! मग हसा मला जन्मभर, म्हणा की ही नुसतं बघते, आणि तेसुद्धा चुकीचं बघते!

नाही भरली. चार महिन्यांनी गिळता येईना तेव्हा आला. अर्धी जीभ गेली. वाचला... वाचला हो. आणि मामीने मला जिन्यात गाठलं, 'तुला कळलं होतं ना? मग ओरडून का नाही सांगितलंस?' म्हणजे सांगितलं तरी मी वाईट, आणि खरं निघालं तरी मीच वाईट!

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मामाने खुणेने वही मागितली. खोलीत मी एकटीच. मला वाटलं, आता लिहिणार, पोरी, तुझं खरं होतं गं. मी आपली रुमाल काढून तयार! त्याने सावकाश लिहिलं, वही माझ्याकडे वळवली.

'दाढ खरंच दुखत होती.'

आणि मला आठवलं. मी दाढ बघितलीच नव्हती हो! जीभ दिसली आणि दाढेचं भानच राहिलं नाही, साधा आरसासुद्धा लावला नाही. तिची कड जरा घासून दिली असती, ठणका थांबवला असता, तर बसला असता माणूस... जिभेचंही ऐकलं असतं. म्हटलं, 'हो मामा. दुखत असणार.'

हल्ली मी दुखरा दात आधी बघते. मग मान, मग बाकीचं सगळं. मागे विद्यार्थी कुजबुजतात, 'मॅडमना क्रम आठवत नाही वाटतं...'

कुजबुजू देत.