डोक्यावरचे दहा स्टिकर

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या नवऱ्याला नुकतंच आत नेलं होतं.

“आई, यांच्या डोक्यावरचे दहाही स्टिकर जागेवर होते ना?”

“होते की. सकाळी डोकं पुसताना दोन निघाले तेवढे.”

“काय? अहो, त्या स्टिकरांसकट स्कॅन काढलाय! त्यांच्यावरूनच कॉम्प्युटर डॉक्टरांना मेंदूतली गाठ नेमकी कुठे आहे ते दाखवणार!”

“अगं, ओरडू नकोस. मी काय दुधखुळी आहे?”

“म्हणजे नर्सला सांगितलंत?”

“तिला कशाला त्रास? मीच परत चिकटवले.”

“होते तिथेच?”

“छे! किती वेडेवाकडे होते ते. मग सगळेच काढले आणि छान एका ओळीत लावले.”

“दार उघडा! अहो, कोणीतरी दार उघडा!”