आठ एप्रिलला सानोबर-ओपांचे कार्ड कोणाकडे होते

नाव जसूर तोश्तेमिरोव, वय २३ वर्षे, शिक्षण अकरावी, गॅस मीटरच्या कारखान्यात ट्रे लावण्याचे काम, राहणार तोलझोर महल्ला, चिरचिक. दिनांक २८ एप्रिल २०२५, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

मी समक्ष हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो की, मला कोणी बोलावलेले नाही. कारखान्यातल्या आमच्या खोलीच्या प्रमुख सानोबर रहमातोवा यांना कालपासून येथे पोलीस ठाण्यात बसवून ठेवले आहे असे कळल्यावरून आलो. त्यांना सगळे ओपा म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तसे. मीही म्हणतो.

आमच्या मीटरमधली चिप कायमची डकवलेली असते. सिमकार्डासारखी ती नंतर बदलता येत नाही. म्हणून तिचा मोबाइल नंबर आणि गुप्त किल्ली, यांना मिळून प्रोफाइल म्हणतात, कारखान्यातच बंद खोलीत चढवतात. एका चिपवर एकच प्रोफाइल चढवायचे असते. ते बाहेर गेले तर दुसरा कोणीही तो नंबर वापरू शकतो. म्हणून प्रोफाइलांचे संगणकातले पाकीट दोन माणसांची दोन कार्डे एकदम लावल्याशिवाय उघडत नाही. एक कार्ड ओपांचे, दुसरे खोलीतल्याच एर्गाश-अकांचे; अका म्हणजे थोरला भाऊ. मला कार्ड नाही.

८ एप्रिल, मंगळवार, सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी ओपा मला फाटकावर भेटल्या. त्यांनी निळा झगा घातला होता आणि कमरेला रुमाल बांधला होता. त्यांच्या शेजारची म्हातारी पहाटे वारली होती. त्या म्हणाल्या, "अंघोळ घालायला बायका कमी पडताहेत रे. मी नाही गेले तर गल्लीत तोंड दाखवता यायचं नाही. पाकिटाची मुदत दुपारी बारापर्यंतच आहे. तू लाव." कार्ड रुमालात गुंडाळलेले होते. आकडे त्यांनी तोंडी सांगितले. ते येथे लिहीत नाही.

नाही म्हणता आले असते का, असे अंमलदारांनी विचारले. थोरल्या माणसाला मयताच्या दिवशी नाही म्हणता येत नाही.

७ वाजून ५२ मिनिटांनी मी ओपांचे कार्ड लावले. कारखान्याच्या नोंदीत त्या वेळी त्या खोलीत दिसतात, आणि गल्लीतल्या बायका सांगतात की त्या मयताजवळ होत्या. दोन्ही बरोबर आहे. खोलीत मी होतो.

एर्गाश-अका म्हणाले, "सानोबर, आज तुला मिशा फुटल्या की." मी हसलो नाही. त्यांनी आपले कार्ड लावले आणि चहा घ्यायला बसले.

पाकिटात ५०० प्रोफाइले होती, चिपा ५००. तिसरा ट्रे लावला. त्यातल्या सहा चिपा झाल्या आणि वीज गेली. तीन सेकंदांत आली. यंत्राने विचारले, पुढे चालू की ट्रे पहिल्यापासून. मी अकांना विचारले. ते म्हणाले, "पहिल्यापासून घे. चहासुद्धा आपण तीनदा किटलीत परत ओततो, मगच पितो. तुझा ट्रे काय चहापेक्षा मोठा?" मी पहिल्यापासून घेतले. बटण माझ्या बोटाने दाबले. अकांच्या नव्हे.

त्या सहा चिपांचा, प्रोफाइल चढल्याचा हिरवा दिवा दुसऱ्यांदा लागला. शेवटी पाकीट संपले आणि सहा चिपा कोऱ्या उरल्या. अका म्हणाले, "खराबात टाक." मी टाकल्या. दोनदा दिवा लागलेल्या सहा चिपांचे क्रमांक मी माझ्या वहीत उतरवले. मी सगळेच उतरवतो.

९ एप्रिलला मी कार्ड परत दिले. ओपांनी विचारले, "नीट झालं ना सगळं?"

मी म्हणालो, "झालं."

"सहा कोऱ्या कशा?"

"खराब निघाल्या."

"तू मोजल्यास ना? मग झालं." असे म्हणून त्यांनी सही केली.

मोबाइल कंपनीला आता ५००पैकी ४९४ नंबरच मीटरांत दिसतात. सहा प्रोफाइले ओपांनी विकली असा संशय आहे. ती विकलेली नाहीत. त्या सहा मीटरांत एकावर एक दोन प्रोफाइले आहेत, आणि कंपनीला वरचेच दिसते. वही हजर करत आहे, पान ३१. मीटर कोणत्या घरांत बसले ते गोदामाच्या नोंदीवरून निघेल. चिप वाचली की दोन्ही दिसतील. लवकर वाचावी अशी विनंती आहे.

अंमलदार म्हणाले, "वीस दिवसांनी आठवलं होय?" मी सांगितले की आठवत रोज होते.

कार्ड कोणाला दिले, हे ओपांनी कालपासून सांगितलेले नाही, असे मला अंमलदारांकडून समजले. मी लिहीत असताना त्यांना या खोलीसमोरून नेले. त्या दारात थांबून म्हणाल्या, "तू इथं काय करतोयस? ट्रे कोण लावतंय?" मग म्हणाल्या, "घरी जा. काही खाल्लंयस का?" त्यांना पुढे नेण्यात आले.

वरील मजकूर अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी ओळीखाली बोट धरून ऐकला. बरोबर आहे, एक गोष्ट सोडून. सुरुवातीला मी शिक्षण अकरावी लिहिले आहे. कारखान्यातल्या माझ्या कागदावर तसे आहे. मी नववीपर्यंत शिकलो आहे. त्या बंद खोलीत अकरावीच्या खालच्या माणसाला कामाला ठेवत नाहीत. हे खोडून नववी करावे.

हे कारखान्यात कोणाला ठाऊक होते, असे अंमलदारांनी दोनदा विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही.

सही, जसूर तोश्तेमिरोव. १० वाजून ४५ मिनिटे.