रुळांवर मेंढ्या, डब्यात बाबा

माझ्या पीएचडीच्या डिफेन्सच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या दिवशीचं टेन्शन तर विचारूच नका! युनिव्हर्सिटीकडे जाणारी आमची दोन डब्यांची ट्रेन माळरानाच्या मधोमध थांबली. का, तर रुळांवर मेंढ्यांचा कळप! इथे डिफेन्स ठरल्या मिनिटाला सुरू होतो. मी सारखी घड्याळ बघतेय, आणि डब्यातले डच लोक मात्र ढिम्म.

नागपूरहून खास आलेले बाबा उठले. "काऊन थांबली? विचारून येतो."

"बाबा, बसा ना! इथे अनोळखी माणसांशी कुणी बोलत नाही."

"म्हणूनच गाडी हलत नाही," म्हणत ते पुढे गेलेसुद्धा. मग त्यांचं मोडकंतोडकं इंग्लिश आणि कुणाचं तरी हसणं ऐकू आलं.

परतले ते खुशीत. "काळजी नको करू. पुढे बसलेले ते साहेब तुझे परीक्षकच निघाले! म्हणाले, मी पोचल्याशिवाय सुरूच होत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "अजून काय बोललात?"

"काही नाही. म्हटलं, पोरगी रात्रभर झोपली नाही, 'चौथ्या चॅप्टरवर विचारलं तर मेले' म्हणते. लगेच बॅगेतून तुझा थीसिस काढून चौथा चॅप्टर उघडला त्यांनी. भला माणूस!"