नऊवारी आतडं

...अन् वरून बायको मले म्हणते, "झाकण पाहा ना, किती घट्ट बसते!" आता तुमीच सांगा, त्या झाकणाचं काय लोणचं घालू? भांडेवाली दारात आली, डोक्यावर टोपलं, "जुनं-पुरानं द्या बाई," म्हणे, अन् आमच्या बाईसाहेबानं आलमारी उघडली, माह्या मायचं नऊवारी लुगडं काढलं, देऊन टाकलं, अन् बदल्यात घेतला हा स्टीलचा डब्बा! मी तिकडं शाळेत पोट्ट्यायले जठर शिकवून राहिलो, अन् इकडं माह्या घरून आतडं गेलं!

तुमी म्हणसान, लुगडं गेलं तं आतडं कसं गेलं? सांगतो ना, बसा. मी पराते सर. सातवीले विज्ञान. महाल भागातल्या एकाच शाळेत सारी उमर गेली, अन् आता या महिन्याच्या शेवटी रिटायर. आमचं घर कोष्ट्याचं. बाबा मागावर बसत. मायच्या अंगावरचं लुगडं त्यायच्याच हातचं... जांभळं, तांबड्या काठाचं. मी नवा नवा मास्तर झालो तवा मले समजेच ना, पोट्ट्यायले आतडं दाखवू कसं? पुस्तकात नुसतं वेटोळं काढलेलं. पोट्टे म्हणत, "सर, जिलबी!" मंग एक दिवस मायनं ते लुगडं वाळू घातलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अन् माही ट्यूब पेटली! नऊ वार! अबे, माणसाच्या तोंडापासून खालपर्यंत अन्नाचा सारा रस्ता जवळपास तेवढाच! माय म्हणे, "माहं लुगडं वर्गात नेतं? लाज आहे का काही?" पण देल्लं. दरवर्षी धुऊन, घडी घालून देत गेली. मंग बाबा गेले, माग इकला, माय गेली. बाबाच्या हातचं तेवढंच एक घरात उरलं होतं, तुमाले सांगतो, अन् तेच डब्ब्यात गेलं.

काय धडा होत होता तो! व्हरांड्यात पोट्टे-पोट्टी रांगेनं उभे. लुगड्याची लांबच लांब नळी करायची. एक जण तोंड, एक जठर, बाकीचे लहान आतडं, मोठं आतडं. तोंडातून एक संत्रं सोडायचं अन् ज्यानं त्यानं मुठीनं दाबत दाबत समोर सरकवायचं. मी वरडून राहिलो, "दाब बे, फेकू नको! आतड्याले काय गाडी पकडाची आहे?" आजकालच्या व्हिडिओत आतडं दिसते हो, पण हाती लागते का?

अन् भांडण दरसाल एकच. शेवटचं टोक कोण धरन? त्या टोकाचं पुस्तकातलं नाव घेतलं का अख्खा वर्ग हासून लोळे. मंग मी नियम केला, जो शेवटचं टोक धरन, संत्रं त्याचं! एक अंकुश होता, काडीसारखा. संत्र्यासाठी बिचाऱ्यानं धरलं. आता मिहानमधल्या कंपनीत मोठा साहेब आहे. मागं बँकेत भेटला, टाय-बिय लावून. चार लोकायसमोर पायाले हात लावला अन् म्हणते, "सर, वळखलं का? मी शेवटचं टोक!" मॅनेजर पाहतच राहिला. पण मले सांगा, व्हिडिओ पाहिलेला पोट्टा असा येऊन पायाले हात लावन का?

हा व्हिडिओ कुठून आला म्हणसान, तं आमच्या नव्या हेडमास्तरीण बाई! लय गोड बोलते. "पराते सर, कशाला तो पसारा? स्मार्ट बोर्डवर थ्रीडी व्हिडिओ आहे, चार मिनिटांत पचन होतं!" चार मिनिटात! म्हटलं मॅडम, शेवटचा धडा आहे माहा, एकडाव लुगड्यानं करू द्या, मंग तुमचा बोर्ड अन् तुमी. बऱ्या मनाच्या, हाव म्हणाल्या. अन् मी खुशीत घरी आलो, आलमारी उघडली... अन् समोर डब्बा.

गेलो ना शोधाले. जुन्या कपड्याच्या बाजारात ढिगावर ढीग, कोणाकोणाच्या मायची लुगडी, पण माह्या मायचं नाही. ती भांडेवाली भेटली. म्हणते, "भाऊ, ते गोधडीवालीनं नेलं. लय मऊ होतं, हातोहात गेलं." मऊ होतं म्हणे. मले माईत नाही का मऊ होतं ते? खरं सांगतो, तिथंच उभ्या उभ्या मले रडू आलं. घरी आलो तं बायकोचंही तोंड उतरलेलं. म्हणते, "मले काय माईत? सालभरात एक दिवस हात लावता तुमी त्याले!"

धड्याच्या दिवशी गेलो रिकाम्या हातानं. एका खिशात फक्त संत्रं. म्हटलं, पोट्टेहो, सरायचं आतडं हरवलं, लावा तो व्हिडिओ. तं दीक्षा उठली, "काहून सर? आमच्या ओढण्या बांधल्या तं?" अन् तुमाले सांगतो, मी हाव-नाही म्हणाच्या आत पोट्ट्यायनं ओढण्याले ओढणी बांधली, व्हरांड्यात पसरली, संत्रं सोडलं! पण पहिल्याच गाठीपाशी अडकलं ना ते. सारे दाबून राहिले, हलते कुठं! मागून कोणीतरी वरडलं, "सर, कब्ज झाली!" अबे, याच्यापेक्षा मोठा धडा कोणता? विचारलं, डब्ब्यात काय आणलं आज? खुशी म्हणते चिप्स, दुसरा म्हणते बिस्किटं, तिसरा म्हणते मॅगी. म्हटलं, मंग अडकन नाही तं काय! पालेभाजी कोण खाईन, पाणी कोण पिईन, तुमचा बाप? गाठ ढिली करा अन् म्हणा, "पालक!" अन् सारे वरडून राहिले, "मेथी! काकडी! भाकर!" संत्रं सरकू लागलं. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, अन् त्याही हळूच म्हणाल्या, "गाजर!"

अन् शेवटचं टोक? कोणीच धरे ना. आजकाल पोट्ट्यायले संत्र्याचं अप्रूप नाही. टोक लोंबून राहिलं होतं. मंग मीच धरलं. येवढी वर्सं दुसऱ्यायले धरवलं, म्हटलं आता आपण धरा. संत्रं आलं गा, बरोबर माह्या ओंजळीत, साऱ्या वर्गाच्या मुठीतून चेपून, गरम होऊन. वर्ग वरडते, "खा सर, खा सर, नियम आहे!" सोललं अन् खाल्लं. मायची लय आठवण आली. डोळ्यात पाणी पाहून उन्नती नावाची पोट्टी म्हणते, "सर, आंबट आहे का?" म्हटलं, हाव.

ते जाऊ द्या. काल गांधीबागेच्या कापडबाजारात बायकोसंग पडद्याचं कापड पाहून राहिलो होतो. तं हीच उन्नती स्कूटीवर मायच्या मागं बसून चाललेली, अन् भर बाजारात वरडली, "मम्मी, ते पाहा, आमचं शेवटचं टोक!" दुकानदाराची मीटरपट्टी हवेतच राहिली. बायको म्हणते, "हे काय बोलून गेली हो ते पोट्टी?"

म्हटलं, "काही नाही वं... प्रमोशन आहे. रिटायर होता होता भेटलं."