बिदाईचा व्हिडिओ

फुलसावंगीच्या बसमध्ये माझ्यामागं नवी नवरी ममता अन् तिचा भाऊ राजकुमार बसलेले.

“ममता, सापडला! बिदाईले तू रडत आपलं ढावलो गाणं गायलीस ना, तो व्हिडिओ!”

“खरंच? कुठी होता?”

“ऑनलाइन ड्राइव्हच्या कचरापेटीत!”

“एडिटिंगसाठी जागा करता करता तूच उडवला असशील!”

“मी कायले उडवू? बाकी सारे जागेवर हायेत. हा एकच कचऱ्यात.”

“दाखव बरं मोबाइलवर. मी आईच्या गळ्यात पडून गाऊन राह्यली... थांब! मंडपामागं बाबा हायेत?”

“कसे हमसून रडून राह्यले, पाह्य!”

“मले तं म्हणे, मी पंगत वाढायले गेलतो!”

“काल माह्या कॉम्प्युटरवर तेच बसलते.”

“भाऊ, आधी पेनड्राइव्हवर घे! अन् बाबाले पत्ता लागू देऊ नको!”